अकरा घरांची राख

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठच्या सुमाराला, रेनोनं गोल्फच्या मैदानाच्या तिसऱ्या ग्रीनवर दाताळं ओढलं आणि गवत दाताळ्याबरोबर निघून आलं.

आर्वो वीस पावलांवर ढकलगाडी धरून उभा होता. त्याला वाटलं, पोरानं जोर जास्त लावला. रेनो चव्वेचाळीस वर्षांचा होता, पण बाप बघत असला की अजूनही जरा जास्तच जोर लावायचा. रेनोनं दाताळं बाजूला टाकलं, गुडघ्यावर बसला आणि गवताची कड दोन बोटांत धरून उचलली. ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा ताटाएवढा तुकडा अलगद निघाला. खाली काळी, चिकट माती. मुळं नव्हतीच. मग वास आला, तळघरात विसरलेले बटाटे सडल्यावर येतो तसला.

रेनोनं वर पाहिलं नाही. तो तुकडा त्यानं परत जागच्या जागी ठेवला आणि तळहातानं थोपटला, जणू कोणी पाहायच्या आत बसवून टाकता येईल.

"राहू दे," आर्वो म्हणाला. "चौथं बघू."

चौथं तसंच होतं. पाचवं तसंच. सहाव्याकडे जाताना रेनो पुढे होता आणि आर्वो मागे. पायाखालचं लांब गवत मात्र हिरवं होत होतं, मधूनमधून पिवळी फुलं उमलली होती, ओढ्याला पाणी होतं. बाकी सगळं मैदान जिवंत होतं. मेली होती ती फक्त ग्रीन, खळीभोवतीचे ते दिवाणखान्याएवढे तुकडे, ज्यांच्यावरचं गवत गालिच्यासारखं आखूड ठेवावं लागतं आणि ज्यांच्यासाठी बाकीचं मैदान असतं. आर्वोनं चौतीस वर्षं ती सांभाळली होती. रेनोनं अकरा.

नववं पाहून झालं तेव्हा रेनो म्हणाला, "मला आठवडाभर शंका होती. पिवळी दिसत होती. म्हटलं, थंडी लांबलीय."

"आधी का नाही बोललास?"

"तुम्हालाही दिसत होती की, बाबा."

ते खरं होतं. आर्वोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं आणि तिसरं ग्रीन दिसायचं. तो रोज सकाळी कॉफी घेऊन तिथंच बसायचा. जानेवारीपासून तो खिडकीतून पाहायचा खरा, पण काय पाहिलं ते त्याला संध्याकाळी सांगता आलं नसतं.

साफसफाईच्या या शनिवारी दरवर्षीप्रमाणे अकराही घरांतली माणसं आली होती. कोणी फांद्या गोळा करत होतं, कोणी पुलाच्या फळ्या ठोकत होतं. बातमी कोणी ओरडून सांगितली नाही. एकेक जण जवळच्या ग्रीनवर गेला, वाकला, गवताला हात लावला आणि सरळ उभा राहिला. दहा वाजेपर्यंत हातोड्यांचे आवाज थांबले. हेरन पोर्टेज गावाच्या त्या मैदानावर पंचवीस माणसं होती आणि ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

*

काय झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार फेब्रुवारीला, भर हिवाळ्यात, दिवसभर पाऊस पडला आणि त्याच रात्री पारा उणे तीसवर उतरला. भुसभुशीत बर्फ गवताला पांघरुणासारखा असतो, त्याच्याखाली ते सुखानं झोपतं. पण पावसानं भिजून गोठला की त्याची काच होते. काचेखाली गवताचा श्वास कोंडतो. दोन महिने निघतात, अडीच नाही.

त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक होता, कारण तो याच गावानं काढला होता, खरं तर आर्वोच्या बायकोनं, हेल्मीनं. इथं घरोघरी लाकडावर तापणारा सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. दर शनिवारी चूल पेटायची आणि राख-कोळसा पत्र्याच्या बादल्यांत साठायचा. मार्चमध्ये सूर्य जरा वर आला की ती राख बर्फावर पसरायची. काळ्या राखेला ऊन लागतं, बर्फ चार दिवसांत जाळीदार होतो, मग फावड्यानं फोडून बाजूला करायचा. इतकं साधं.

दिवस मात्र हेल्मी ठरवायची. लवकर केलं तर उघडं पडलेलं गवत थंडीनं मरतं, उशीर केला तर श्वास कोंडून. ती कशावरून ठरवते हे कोणी विचारत नसे. ती अकरा घरांना फोन करायची: रविवारी बादल्या घेऊन या. लोक निघायचे. ज्या वर्षी काच धरली नाही त्या वर्षी फोन यायचा नाही, आणि फोन आला नाही की मैदान ठीक आहे असं सगळे धरून चालायचे. एकतीस वर्षांत तिनं चौदा वेळा फोन केले होते आणि एकदाही तिचं चुकलं नव्हतं.

हेल्मी एकोणीस जानेवारीला गेली. या वर्षी फोन आला नाही.

*

क्लबहाउसमध्ये डेनीसनं, रेनोच्या बायकोनं, वाटाण्याच्या सुपाचं पातेलं चढवलं होतं. लोक आत येऊन बसले, कामाचे बूट न काढता. ताटल्या वाटल्या गेल्या. वेलदोड्याचा गोड पाव मधोमध ठेवला होता, त्याला कोणी हात लावला नाही. आर्वो खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीवर बसला. त्याच्या एका बाजूला त्याची थोरली मुलगी रैया होती. ती शहरात शाळेत शिकवायची आणि शुक्रवारी रात्री गाडी चालवत आली होती. दुसऱ्या बाजूला हेल्मीचा भाऊ उर्हो. उर्होनं आयुष्यभर जंगलात लाकूडतोड केली होती, आणि जिथं जाईल तिथं तो पहिल्या पाच मिनिटांत कोणाची तरी खोड काढायचाच. आज सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आर्वोला ते लक्षात आलं होतं. त्याला वाटलं, सगळ्यांसारखाच तोही हादरलाय.

साडेअकराला मिसेस गिलेस्पी आल्या. गावाच्या कौन्सिलच्या मैदान समितीच्या त्या अध्यक्ष. दरवर्षी या दिवशी त्या घरी केलेला केक घेऊन यायच्या, कामकऱ्यांचा एक फोटो काढायच्या आणि जायच्या. आज दारात उभ्या राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि कॅमेरा पर्समध्ये परत ठेवला.

रेनो त्यांना बाहेर घेऊन गेला. पहिलं ग्रीन दाखवून दहा मिनिटांत दोघं परत आले. मिसेस गिलेस्पी कोट न काढताच बसल्या. या बाईनं दोन वर्षं कौन्सिलात मैदानाची बाजू लावून धरली होती. शहरातल्या एका कंपनीला मैदान सांभाळायला द्यावं, असा ठराव दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा तिनं तो मागे टाकायला लावला होता. मैदान याच लोकांच्या हातात चांगलं राहतं, हा तिचा एकच मुद्दा.

त्या हळू आवाजात म्हणाल्या की नव्यानं पेरणी करून गवत धरायला जुलै उजाडेल, म्हणजे हंगाम गेल्यातच जमा. गुरुवारी बैठक आहे. तो ठराव पुन्हा येणार. "मला तिथं विचारतील," त्या म्हणाल्या. "हे कोणाकडून राहिलं, असं."

"माझ्याकडून," रेनो म्हणाला. "मैदान माझ्याकडे आहे."

त्यानं हे इतक्या चटकन म्हटलं की आर्वोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रेनो भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. लहानपणी काच फोडली की असाच उभा राहायचा. फरक इतकाच की तेव्हा त्यानंच फोडलेली असायची.

रैयानं चमचा खाली ठेवला. भावंडांचं आपसात फारसं सख्य नव्हतं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून ते आणखी आटलं होतं. तिनं विचारलं, फेब्रुवारीत पाऊस पडला तेव्हा तो कुठं होता. रेनोनं सांगितलं, गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायच्या गाडीवर, सोळा सोळा तास. मग मार्चमध्ये? मार्चमध्येही तिथंच.

"म्हणजे तू रोज मैदानावरून जात होतास," रैया म्हणाली. "रोज. आणि आईनं जे एकतीस वर्षं केलं, ते तुला एका वर्षी जमलं नाही."

"जमलं नाही."

"इतकंच?"

"अजून काय बोलू? रडून दाखवू?"

डेनीस पातेल्यापाशी होती. तिनं डाव पातेल्यात आपटला नाही, नुसता सोडून दिला, आणि तो सुपात बुडाला. "रैया," ती म्हणाली, "तू नाताळात दोन दिवस आलीस आणि मग एकदम मयताला. सासूबाईंना मी उचलून अंघोळ घालत होते. तेव्हा कोणाला काय जमलं याचा हिशेब तू मांडू नकोस."

"मी मैदानाबद्दल बोलतेय."

"मीपण मैदानाबद्दलच बोलतेय. त्यानं विचारलं होतं."

"डेनीस," रेनो म्हणाला. "पुरे."

"पुरे काय? गुरुवारी तुझं नाव तिथं वाचतील आणि सोमवारी कोणीतरी परका तुझ्या ट्रॅक्टरवर बसेल, आणि मी इथं सूप वाढत बसू?" ती मिसेस गिलेस्पींकडे वळली. "मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यानं विचारलं होतं. राख टाकायची का. निरोप आला, थांबा. म्हणून हा थांबला."

मिसेस गिलेस्पींनी विचारलं, निरोप कोणाचा.

डेनीसनं आर्वोकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याबरोबर खोलीतल्या इतर माणसांनीही तेच केलं. आर्वोला एकदम कळलं की रेनो भिंतीपाशी असा का उभा आहे. पोरगा त्याला पाठीशी घालत होता.

"माझा?" आर्वो म्हणाला. "मी कोणाला थांबा म्हटलं? मला कोणी विचारलंच नाही."

"बाबा, जाऊ दे ना," रेनो म्हणाला.

"जाऊ दे काय? तू मला विचारलंस?"

"तुम्हाला नाही. तुम्हाला त्या वेळी काही विचारायची माझी हिंमत नव्हती. मामांना विचारलं. मामांनी तुम्हाला विचारलं होतं. ते म्हणाले, आर्वो म्हणतोय अजून थांबायचं."

आर्वो उर्होकडे वळला. उर्होच्या समोरचं सूप तसंच होतं, त्यावर साय धरली होती. सत्तरीला आलेला हा दांडगा माणूस, ज्याच्या पायावर झाड पडलं तेव्हाही तो विनोद करत दवाखान्यात गेला होता, तो आत्ता टेबलाच्या लाकडातली रेघ बोटानं घासत होता.

"उर्हो, मी असं म्हणालो?"

"असं नाही म्हणालास."

"मग?"

"सोड, आर्वो. चूक माझी. गिलेस्पीबाई, माझं नाव लिहा. मी म्हातारा आहे, मला कोण काढणार?"

"मी काय म्हणालो ते सांग."

उर्होनं रैयाकडे पाहिलं, मग रेनोकडे, जणू त्यांतलं कोणी त्याला थांबवेल. कोणी थांबवलं नाही.

"दहा मार्चला मी तुला फोन केला," तो म्हणाला. "म्हटलं, आर्वो, बर्फ चार बोटं आहे, सगळ्यांच्या बादल्या भरल्यात, केव्हा यायचं? तू म्हणालास, 'हेल्मीनं अजून सांगितलं नाही.'"

मागच्या बाकावर कोणाचा तरी चमचा ताटलीत वाजला.

आर्वोनं आठवायचा प्रयत्न केला. असं बोललेलं त्याला आठवेना. फोन आठवला. हातातला थंडगार रिसीव्हर आठवला. आणि मग आठवलं ते एवढंच, की उर्होनं केव्हा यायचं विचारलं तेव्हा त्यानं मान वळवून खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलं होतं. दरवर्षी फेब्रुवारीत हेल्मी कुऱ्हाड घेऊन दुसऱ्या ग्रीनवर जायची, बर्फ फोडून तळहाताएवढी गवताची ढेप काढून आणायची आणि पत्र्याच्या केकच्या ताटात घालून त्या कट्ट्यावर ठेवायची. रोज पाणी शिंपडायची, रोज हुंगायची. किती दिवसांत कोंब येतात त्यावरून तिला कळायचं, खाली किती जीव उरलाय. हे फक्त आर्वोला माहीत होतं. त्यानं कट्ट्यावर पाहिलं असणार, ताट नाही हे दिसलं असणार, आणि त्यावरून त्यानं उत्तर दिलं असणार. तिनं अजून ढेप आणलेली नाही, म्हणजे तिनं अजून सांगितलं नाही. त्या क्षणी ते बरोबरच होतं.

"मग तू काय म्हणालास?" त्यानं उर्होला विचारलं.

"मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला."

"बरं?"

"काय म्हणणार होतो? माझी बहीण ती. मी तुला सांगायचं, की आर्वो, ती गेली? तुला माहीत नाही का?" तो थांबला, खाकरला. "मला वाटलं, दोन-चार दिवसांत येशील भानावर. मग परत फोन करायला मन होईना. पुन्हा तेच म्हणालास तर? रेनोनं विचारलं तेव्हा म्हटलं, थांबायचं म्हणतोय. अगदीच खोटं नव्हतं ते."

"आणि बाकीच्यांना?" डेनीसनं विचारलं.

बाकीच्यांना उर्होनं सांगितलं होतं की आर्वोला या वर्षी छळू नका. का, ते प्रत्येक घरात कमीजास्त सांगितलं होतं. आर्वोनं खोलीत नजर फिरवली. शेजारच्या निएमीची बायको पदराशी चाळा करावा तशी हातमोज्याची शिवण उसवत होती. म्हातारा लाफ्रेनिएर छताकडे बघत होता. मार्चपासून या घरांतून किती झाकलेली भांडी आली होती. मासे घातलेला रस्सा, रताळ्याचा लगदा, एकदा तर अख्खी भाजलेली कोंबडी. लोक येऊन बसायचे, आवाज जरा मोठा काढून, शब्द सुटे सुटे करून बोलायचे. त्याला वाटलं होतं, हेल्मीवर लोकांचा किती जीव. खरं तर ते सगळे तो भानावर आहे का ते बघायला येत होते.

रैया उठून उभी राहिली. आतापर्यंत तिचा राग भावावर होता, तो आता उभाच्या उभा मामाकडे वळला. ती म्हणाली की तिला कळवायला हवं होतं, त्याच दिवशी. वडील मेलेल्या माणसाशी बोलतायत हे अख्ख्या गावाला माहीत आणि पोटच्या मुलीला नाही. एकट्या घरात, चुलीपाशी, कुऱ्हाडीपाशी. काही झालं असतं म्हणजे? उर्होनं मान खाली घालून सगळं ऐकलं.

"बाबा, तुम्ही उद्या माझ्याबरोबर येताय," रैया म्हणाली. "यावर आता बोलणं नको."

"तिचं बरोबर आहे, बाबा," डेनीस म्हणाली. सकाळपासून या दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. "निदान उन्हाळाभर. मला दिवसा इथून निघता येत नाही, आणि हा—" तिनं रेनोकडे हात केला.

रेनो भिंतीपासून पुढे आला होता. त्याची हाताची घडी सुटली होती आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नसल्यासारखं दिसत होतं.

"मला वाटलं तुम्ही बर्फ बघून आलात," तो आर्वोला म्हणाला. "वाटलं, आईसारखं तुम्हालाही कळतं. म्हटलं, बाबा थांबा म्हणतायत तर काहीतरी असेल. मी रोज गाडीवरून जाताना बघत होतो, दिवस मोजत होतो. पन्नास झाले, साठ झाले. तरी थांबलो." तो मामाकडे वळला. "मी तुमच्या दारात उभा होतो. माझ्या हातात बादली होती. तुम्ही मला एवढंसं सांगितलं असतंत, तर मी एकट्यानं नऊ ग्रीनवर राख टाकली असती. आणि बाबांना सौनात नेऊन शेजारी बसवलं असतं."

"रेनो—"

"गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. मला तेवढं नव्हतं."

तो बाहेर गेला. दार त्यानं आपटलं नाही, उघडंच राहिलं, आणि थंड वारा टेबलावरचे कागदी रुमाल उडवत आत आला. निएमीच्या बायकोनं उठून दार लावलं.

*

हळूहळू लोक उठले. ताटल्या गोळा झाल्या. आर्वो बसून राहिला. त्याला वाटत होतं की आपल्याला लाज वाटायला हवी, पण ती अजून येऊन पोचली नव्हती. आत्ता नुसतं सुन्न होतं, हातोडी बोटावर बसल्यावर पहिल्या क्षणी होतं तसं. मिसेस गिलेस्पी पर्स उचलत होत्या.

"लिहून घ्या," आर्वो त्यांना म्हणाला. "मघाशी विचारत होतात ना, कोणाकडून राहिलं. माझ्याकडून राहिलं. पोराचा दोष नाही आणि उर्होचाही नाही."

"मी हे लिहिणार नाही," मिसेस गिलेस्पी म्हणाल्या. "बायको गेल्यामुळं एक नवरा दोन महिन्यांपूर्वी काय बोलला, हे मी कौन्सिलच्या कागदावर कसं लिहू?"

"नाही लिहिलंत तर पोराचं नाव जाईल."

त्यांनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. चांगली बाई होती, आणि चांगल्या माणसाला अवघड जागी सापडल्यावर येतो तो राग तिच्या चेहऱ्यावर होता. "मग तुम्ही या," त्या म्हणाल्या. "गुरुवारी सात वाजता. उभं राहून तुमच्या तोंडानं सांगा. तुम्ही सांगितलंत तर कोणी रेनोकडे बोट दाखवणार नाही, एवढं मी बघते. पण मी वाचून दाखवणार नाही, आर्वो. ते मला जमणार नाही."

"येतो."

"बाबा," रैया म्हणाली. "सगळ्या गावासमोर?"

"गावाला माहीतच आहे."

रैया त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं त्याचा हात धरला नाही, त्यांच्यात तशी रीत नव्हती. पण तिनं पावाचा एक तुकडा कापून त्याच्यासमोर ठेवला आणि त्यानं तो खाल्ला. खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, उद्या निघायचं ना. तो म्हणाला, गुरुवार होऊ दे. ती म्हणाली, सोमवारी तिची शाळा आहे. तो म्हणाला, मग तू जा.

उर्हो दाराशी कोट घालत होता. एक बाही सापडत नव्हती. आर्वोनं उठून ती धरली.

"मला शिव्या घाल तरी," उर्हो म्हणाला.

"मी तुझ्या जागी असतो तरी 'बरं' असंच म्हणालो असतो."

"नाही, तू नसतास म्हणालास. तू तोंडावर सांगितलं असतंस. हेल्मी नेहमी म्हणायची, आर्वोला गोड बोलता येत नाही."

आर्वोला त्या क्षणी विचारावंसं वाटलं की ती आणखी काय काय म्हणायची. पण सगळे ऐकत होते. त्यानं बाही नीट केली आणि बाहेर पडला.

*

रेनो पहिल्या ग्रीनवर होता. चपट्या फावड्यानं तो मेलेलं गवत खरवडत होता आणि ढीग कडेला टाकत होता. बी पेरायचं तर आधी हे सगळं निघायला हवं. मशीन लावलं असतं तर लवकर झालं असतं, पण मशीन त्यानं आणलं नव्हतं. आर्वोनं शेडमधून दुसरं फावडं घेतलं आणि समोरच्या कडेनं सुरुवात केली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "किती खोल काढायचं?"

"दोन बोटं."

मेलेला थर सहज निघत होता, पण स्प्रूसच्या झाडांच्या सावलीतल्या कोपऱ्यात दोन बोटांखालीच फावडं खट्कन वाजलं. जमीन तिथं अजून गोठलेली होती. चर्चमागच्या उतारावरही अजून तशीच असणार. म्हणून तर जानेवारीत गेलेली माणसं इथं मेअखेर पुरतात, तोवर दगडी खोलीत ठेवतात. हेल्मी तिथंच होती, आणि पाद्र्यानं तेवीस तारीख दिली होती. आर्वोनं तो कोपरा सोडला आणि उन्हाच्या बाजूला सरकला.

त्याला रेनोला ते कट्ट्यावरचं ताट सांगायचं होतं. आई दिवस कसा ठरवायची ते सांगायचं होतं, कुऱ्हाड कुठं मारायची, ढेप केवढी काढायची, कसलं हुंगायचं. एकतीस वर्षांत त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरजच पडली नव्हती. ते सांगितलं की बाकीचंही आपोआप सांगून होईल, असं त्याला वाटत होतं. दोनदा त्यानं फावडं थांबवलं. दोन्ही वेळा रेनो पाठमोरा होता आणि वळला नाही.

तीनच्या सुमाराला उर्हो आला आणि कडेला उभा राहिला. रेनोनं त्याच्याकडे न पाहता ढकलगाडी त्याच्या दिशेनं लोटली. उर्होनं ती भरून नेली, रिकामी करून आणली, पुन्हा भरली. तिघं पाच वाजेपर्यंत काम करत राहिले. मग रेनोनं फावडं पुसलं, खांद्यावर टाकलं आणि तो घराकडे चालू लागला.

पहिल्या ग्रीनचा अर्धा भाग निघाला होता. साडेआठ ग्रीन राहिली होती आणि बी अजून मागवलं नव्हतं. गुरुवारी कौन्सिलपुढे उभं राहायचं होतं, तेवीसला हेल्मीला पुरायचं होतं, आणि रेनोला जे सांगायचं ते सांगून झालं नव्हतं.